सहा तास उलटले म्हणून ओठाला टाके घालता येत नाहीत?

फाटलेल्या ओठाला सहा तासांत टाके पडले नाहीत तर पुढे ते घालताच येत नाहीत, म्हणून हळद भरून घरीच बसावे, असे खानापूरपासून निपाणीपर्यंत आजही ऐकू येते. हा समज चुकीचा आहे. चेहऱ्याचा रक्तपुरवठा मुबलक असल्यामुळे ओठाची स्वच्छ जखम साधारणतः 24 तासांपर्यंत शिवता येते. रात्री दुचाकीवरून पडलेल्याने सकाळी बेळगाव गाठले, तरी वेळ गेलेली नसते. (हळद आणि चहापूड यांनी मात्र जखमेच्या कडाच दिसेनाशा होतात.)

खरी कसोटी लाल ओठ आणि त्वचा यांमधील रेषेची असते. ती एक मिलिमीटरने सरकली तरी बोलताना समोरच्याला जाणवते. म्हणून भुलीच्या इंजेक्शनाने ओठ फुगण्याआधीच शल्यचिकित्सक तिच्यावर खूण करतात. आतला स्नायू वेगळा शिवावा लागतो, अन्यथा ओठाला कायमची खाच राहते.

एक-तृतीयांशापर्यंत ओठ गेला असल्यास कडा बहुधा थेट जुळतात. त्याहून अधिक गेल्यास दुसऱ्या ओठाचा तुकडा रक्तवाहिनीसह वळवून बसवतात. न्यूयॉर्कचे रॉबर्ट ॲबी यांनी 1898 मध्ये दुभंगलेल्या ओठासाठी मांडलेली ही पद्धत असून, तिच्यात दोन्ही ओठ दोन-तीन आठवडे एकमेकांना जोडलेले राहतात.