हौशी छायाचित्रण

हौशी छायाचित्रण म्हणजे पोटापाण्यासाठी न करता आवडीपोटी केलेले छायाचित्रण. प्रवासात दिसलेल्या जागा, पक्षी-किडे-झाडे आणि घरातले व रस्त्यावरचे रोजचे जगणे हे त्याचे तीन मोठे विषय आहेत. ‘हौशी’ या शब्दावरून कौशल्य कळत नाही, काम कोणी सांगितलेले नाही एवढेच कळते. व्यावसायिकाला ठरल्या दिवशी चित्र द्यावे लागते. हौशी माणूस उजेड जमला नाही तर परत येऊ शकतो, एकाच तळ्याकाठी वर्षभर जाऊ शकतो, एकच खिडकी दहा वर्षे टिपू शकतो. ही परत जाण्याची मोकळीक त्याचे सर्वांत मोठे भांडवल आहे. लेन्स आणि कॅमेरा यांचा क्रमांक त्यानंतर लागतो.

इतिहास

१८३९ मध्ये दागेरोटाइपची, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर चित्र उमटवण्याची, कृती फ्रान्समध्ये जाहीर झाली तेव्हा छायाचित्र काढायचे तर रसायने हाताळता येणे भाग होते. निसर्गाची आवड असलेल्यांनी तरीही लगेच सुरुवात केली. इंग्लंडमधील वनस्पती-अभ्यासक ॲना ॲटकिन्स यांनी १८४३ पासून समुद्रशैवालाचे नमुने थेट सायनोटाइपच्या, म्हणजे उजेडाने निळ्या होणाऱ्या, कागदावर ठेवून, कॅमेऱ्याविनाच, निळ्या प्रतिमांचे संग्रह तयार केले. पुढे आलेल्या कोलोडियन पद्धतीत चिकट रसायन लावलेली काच ओली असतानाच चित्र घेऊन ती धुवावी लागे, त्यामुळे प्रवासी छायाचित्रकाराला अंधारा तंबू आणि बाटल्यांची पेटी बरोबर न्यावी लागे. १८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी जिलेटीनची कोरडी काच सुचवली आणि हा पसारा हळूहळू सुटला.

हौसेला खरी वाट करून दिली ती जॉर्ज ईस्टमन यांच्या १८८८ च्या कोडॅक कॅमेऱ्याने. त्यात १०० चित्रांची गुंडाळी भरलेली येई आणि ती संपली की अख्खा कॅमेरा कारखान्यात पाठवायचा. १९०० मध्ये आलेला कोडॅकचा स्वस्त ब्राउनी कॅमेरा मुलांच्याही हातात गेला. १९२५ मध्ये ऑस्कर बार्नाक यांनी रचलेला लायका बाजारात आला. सिनेमाच्या ३५ मिमी फिल्मवर २४×३६ मिमीचे चित्र घेणारा हा कॅमेरा कोटाच्या खिशात मावत असे. आज ज्याला ‘फुल फ्रेम’ म्हणतात ते हेच माप. १९७५ मध्ये स्टीव्हन सॅसन यांनी ईस्टमन कोडॅकमध्ये पहिला हातात धरता येणारा डिजिटल कॅमेरा जुळवला. १००×१०० बिंदूंचे एक चित्र कॅसेटवर उतरायला त्याला २३ सेकंद लागत.

दोन हौशी छायाचित्रकारांची उदाहरणे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. फ्रान्समधील जाक आंरी लार्तिग यांनी लहानपणापासून घरची माणसे, उड्या, मोटारी आणि विमाने टिपली, चित्रे अल्बममध्ये लावली आणि रोजनिशीही ठेवली. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये ती मांडली गेली, तेव्हा ते जवळपास सत्तरीचे होते. शिकागोत मुले सांभाळण्याचे काम करणाऱ्या व्हिव्हियन मायर यांनी रस्त्यावरच्या आयुष्याच्या लाखभर निगेटिव्ह काढल्या. त्या २००७ मध्ये लिलावातून बाहेर आल्या आणि कित्येक रोल तोवर धुतलेलेही नव्हते. दोघांचीही नजर विलक्षण होती. मात्र लार्तिग यांनी आपला संग्रह स्वतः लावून ठेवला, तर मायर यांचा संग्रह अनोळखी माणसांना लावावा लागला.

उजेडाचा हिशेब

चित्र किती उजळ येणार हे तीन गोष्टींवर ठरते: लेन्समधील छिद्र म्हणजे ॲपर्चर, शटर किती वेळ उघडे राहते, आणि आयएसओ, म्हणजे फिल्म किंवा सेन्सर (चित्र टिपणारी चिप) उजेडाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा. ॲपर्चरचे आकडे एफ/२, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे चढतात. प्रत्येक पायरीला, म्हणजे एका स्टॉपला, उजेड निम्मा होतो. आकडा दुप्पट न होता सुमारे १.४ पटींनी वाढतो, कारण उजेड छिद्राच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतो आणि आकडा व्यासावर. स्वच्छ उन्हात उजेड मोजणारा मीटर नसला तरी एफ/१६ आणि आयएसओइतका शटर चालतो: आयएसओ १०० ला १/१०० सेकंद. तेवढाच उजेड एफ/८ आणि १/४०० ला मिळतो. पूर्ण चंद्रावरही ऊनच पडलेले असल्यामुळे त्याला रात्रीसारखे लांब एक्स्पोजर दिले की पांढरा ठिपका उरतो. तेथे एफ/११ आणि १/आयएसओपासून सुरुवात करावी.

कॅमेऱ्याचा मीटर समोरचे सगळे मधल्या राखाडी छटेचे आहे असे धरून चालतो. म्हणून बर्फ, पांढरी वाळू आणि धुके मळकट येते आणि काळे जनावर फिके पडते. पहिल्या प्रकारात एक ते दोन स्टॉप वाढवावे, दुसऱ्यात एक कमी करावा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर विसंबू नये. अंधारात तो उजळ भासतो आणि उन्हात काळा. हिस्टोग्राम, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत कोणती छटा किती आहे याचा आलेख, उजव्या काठावर कापला गेला असेल तर तेथील तपशील कायमचा गेला. सावलीतला तपशील पुढे थोडाफार वर काढता येतो, जळालेला पांढरा भाग परत आणता येत नाही. रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीत, प्रत्येक रंगाच्या ४,०९६ किंवा १६,३८४ पायऱ्या असतात आणि जेपेग या नेहमीच्या दाबलेल्या फाइलमध्ये २५६, म्हणून ही दुरुस्ती रॉमध्ये जास्त सोसते.

चित्र हलते त्याची कारणे दोन, आणि ती वेगळी ओळखता यायला हवीत. सगळीच चौकट एका दिशेने पुसल्यासारखी दिसली तर हात हलला. मागची भिंत स्पष्ट आणि माणूस पुसट असेल तर माणूस हलला. हाताच्या कंपनासाठी ढोबळ नियम असा की शटर १/फोकल लेंग्थपेक्षा (लेन्सवर मिमीमध्ये लिहिलेल्या आकड्यापेक्षा) संथ नसावा: २०० मिमीला १/२००. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात फोकल लेंग्थला दीड किंवा दोनने गुणून हा हिशेब करावा. स्टॅबिलायझेशन, म्हणजे कॅमेऱ्यातली किंवा लेन्समधली कंपन रोखण्याची सोय, फक्त हात सावरते. चालत्या माणसाला १/२५० आणि धावत्या मुलाला १/५०० लागतोच. अंधार असल्यास आयएसओ वाढवून चित्र दाणेदार करावे, कारण दाणे सुसह्य असतात आणि हललेला चेहरा टाकूनच द्यावा लागतो.

निसर्ग

बसलेल्या पक्ष्याला १/५०० पुरतो, उडणाऱ्याला १/२००० लागतो. पक्षी बहुधा वाऱ्याकडे तोंड करून बसतात आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उड्डाण घेतात, म्हणून वारा आणि सूर्य दोन्ही पाठीशी असतील तेथे बसावे; मग पक्षी समोरून आणि उजळलेला येतो. कॅमेरा त्याच्या डोळ्याच्या उंचीवर आणावा, मग त्यासाठी चिखलात आडवे पडावे लागले तरी चालेल. उभ्याने खाली रोखून घेतलेल्या चित्रात पक्ष्याची पाठ आणि जमीन एवढेच हाती लागते. तापलेल्या जमिनीवरून लांबचे जनावर टिपताना हवा थरथरते आणि कितीही भक्कम ट्रायपॉड लावला तरी चित्र मऊ, म्हणजे अस्पष्टच, राहते. त्यावर उपाय जवळ जाण्याचा, किंवा पहाटे येण्याचा.

किड्यांच्या बाबतीत पहाटेची वेळ तर अनिवार्यच. चतुर रात्री गारठलेला असतो. पंखांवर दव साचलेले असते आणि ऊन लागून अंग तापेपर्यंत तो गवताच्या पात्याला धरून राहतो. ही अर्धापाऊण तासाची संधी असते. अडचण आहे ती स्पष्टतेच्या खोलीची. फुल फ्रेमवर निम्म्या आकारात (किडा सेन्सरवर खऱ्या मापाच्या निम्मा उतरेल तेव्हा), एफ/११ ला, जेमतेम ४ मिमी जाडीचा थर स्पष्ट येतो. प्रत्यक्षाइतक्या आकारात तो १.३ मिमीवर येतो. चतुर पंख पसरून बसतो, म्हणून सेन्सर पंखांना समांतर ठेवून वरून टिपले की चारही पंख त्या थरात मावतात. टाचणी, म्हणजे चतुराची सडपातळ भाऊबंद, पंख मिटून बसते, तिला बाजूने घ्यावे लागते. कोन दहा अंशांनी चुकला तर एका पंखाची जाळी काचेसारखी कोरीव दिसते आणि दुसरा धुरकट होतो. खोली वाढवण्यासाठी एफ/२२ वर जाण्याचा मोह आवरावा, कारण छिद्र बारीक झाले की प्रकाशाच्या विवर्तनाने, म्हणजे काठांवरून वळून पसरण्याने, सगळेच चित्र मऊ पडते. गवत वाऱ्याने डोलत असेल तर पात्याच्या बुडाशी काडी रोवून आधार द्यावा, पाते तोडू नये.

घरट्यापासून दूर राहणे हा या छंदातला पहिला दंडक. माणूस जवळ असेपर्यंत पालक पक्षी पिलांकडे येत नाहीत, आणि पाने बाजूला सारून घरटे उघडे केले की ते शिकाऱ्यालाही दिसते. आमिष टाकणे आणि पक्ष्याला बोलावण्यासाठी ध्वनिमुद्रित शीळ वाजवणे याही गोष्टी टाळाव्यात. शीळ ऐकून येणारा नर आपली हद्द राखायला आलेला असतो आणि त्या वेळी त्याचे खाणे थांबलेले असते. दुर्मिळ जातीचे चित्र प्रसिद्ध करताना फाइलमधील जीपीएसची नोंद काढून टाकावी.

रोजचे जगणे

सगळ्यांत सोपा वाटणारा आणि सगळ्यांत अवघड असलेला हा विषय आहे, कारण तो डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. घरात छताचा दिवा मालवावा आणि एका खिडकीचा उजेड ठेवावा. खिडकी बाजूला आली की सुरकुत्या, कापडाचा पोत, हातावरच्या शिरा उठून दिसतात. ती पाठीमागे असली की माणूस काळा पडतो. खिडकीपासून मागे सरकले की उजेड झपाट्याने कमी होतो, म्हणून माणूस काचेपासून हातभर अंतरावर बसलेला बरा. दिवा आणि खिडकी दोन्हींचा उजेड मिसळला तर चेहरा अर्धा पिवळा आणि अर्धा निळसर येतो. बल्बचा उजेड ३,००० केल्विनच्या आसपास असतो आणि दिवसाचा ५,५०० च्या. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाची दुरुस्ती, एकाच वेळी दोन्ही सुधारू शकत नाही. ट्यूब आणि एलईडीखाली चित्रात आडवे पट्टे आले तर शटर वीजप्रवाहाशी जुळवावा: ५० हर्ट्झच्या देशांत १/५० किंवा १/१००, ६० हर्ट्झच्या देशांत १/६० किंवा १/१२०.

रस्त्यावर फोकस करत बसायला वेळ नसतो. २८ मिमीची लेन्स फुल फ्रेमवर एफ/८ ला ठेवून फोकस ३.३ मीटरवर रोखला की साधारण १.७ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळे चालण्याजोगे स्पष्ट येते; मग फक्त बटण दाबायचे राहते. आधी पार्श्वभूमी निवडावी आणि तिच्यात कोणी येईपर्यंत थांबावे. माणसाचा पाठलाग केला तर डोक्यातून उगवलेला खांब हमखास येतो. माणूस ओळखू येत असेल तर विचारावे, नको म्हटले तर सोडून द्यावे. लहान मुलांच्या बाबतीत पालकांना विचारल्याविना कॅमेरा उचलूच नये.

प्रवास

निघण्यापूर्वी कॅमेऱ्याचे घड्याळ तेथील वेळेवर लावावे. हे राहिले की पुढे फोनची आणि कॅमेऱ्याची चित्रे एका क्रमात बसत नाहीत. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे आणि रोज रात्री दुसऱ्या ठिकाणी प्रत घ्यावी. ती प्रत कॅमेऱ्याच्याच पिशवीत ठेवली तर पिशवी गेली की दोन्ही जातात. थंडीत बॅटरी लवकर उतरते. जादा बॅटरी अंगाजवळच्या खिशात ठेवावी. थंड हवेतून किंवा वातानुकूलित खोलीतून उबदार, दमट हवेत येताना कॅमेरा आधीच प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधावा आणि त्याचे तापमान बाहेरच्याइतके झाल्यावरच काढावा. मग दव पिशवीवर जमते, लेन्सच्या आत जमत नाही. दमट मुक्कामात लेन्स कातडी केसमध्ये बंद करून ठेवल्यास बुरशी धरते. सिलिका जेल घातलेला हवाबंद डबा उत्तम.

लेन्सवर धूळ असेल तर आधी रबरी फुग्याने हवा मारावी, मग मऊ ब्रश, शेवटी कापड. उलट क्रमाने केले तर वाळूचा कण काचेवर घासला जातो. पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा लेन्सवरचा फिल्टर, सूर्याच्या काटकोनात सर्वांत जास्त परिणाम करतो, आणि त्यामुळेच रुंद लेन्सवर आकाशाचा एकच पट्टा गडद होतो.

फोनचा कॅमेरा यासाठी पूर्ण पुरेसा आहे, फक्त त्याची लेन्स दिवसभर बोटांखाली असते, म्हणून आधी पुसावी. पडद्यावर दाबून धरले की बहुतेक फोनमध्ये फोकस आणि एक्स्पोजर रोखले जातात. डिजिटल झूम म्हणजे निव्वळ कातरणे. त्यापेक्षा चार पावले पुढे जावे.

निवड आणि नोंद

शंभर चित्रांतून पाच ठेवणे हे कामच आहे आणि ते त्याच दिवशी न केलेले बरे, कारण त्या दिवशी चित्र दिसत नाही, केलेली पायपीट दिसते. एकाच प्रसंगाच्या चार आवृत्त्यांतली एक राखावी. २.४ कोटी बिंदूंच्या, म्हणजे ६,०००×४,००० च्या चित्राचा इंचाला ३०० बिंदूंनी ५१×३४ सेंमीचा छाप निघतो, तेव्हा हळू हाताने कातरायला भरपूर वाव असतो.

फाइलच्या नावात तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने घालावी, मग ती आपोआप लागतात. कोण, कोठे, काय चालले होते, हे फाइलच्या आतील नोंदीतच लिहावे. वेगळी वही हरवते. समूहचित्रात नावे डावीकडून उजवीकडे, ओळीनुसार लिहावीत आणि ती सांगू शकणारी वडीलधारी माणसे आहेत तोवरच लिहून घ्यावीत. कागदी छापाच्या मागे बॉलपेनने लिहिले तर अक्षरांचा उठाव पुढच्या बाजूने दिसतो. साध्या कागदाला मऊ पेन्सिल वापरावी, काठाजवळ आणि चेहऱ्यांच्या मागचा भाग सोडून. प्लॅस्टिकचा थर असलेल्या कागदावर पेन्सिल उमटत नाही. तेथे न पसरणाऱ्या शाईचे पेन घेऊन, शाई पूर्ण वाळल्यावरच छाप एकावर एक ठेवावेत.