गाठीतलं म्यूटेशन वेगळं, घराण्यातलं वेगळं

मामांच्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा जनुकीय रिपोर्ट आला आणि रात्री खानापूरहून मामेभावाचा फोन. "दादा, अप्पांना के-रास म्यूटेशन आलंय म्हणे. आता आमच्या पोरांस्नीबी हुतंय काय ओ?" रिपोर्ट इंग्रजीत, डॉक्टर कन्नडमध्ये घाईनं बोललेले. त्यात जनुक म्हटलं की आपल्याला आधी घराणंच आठवतं.

के-रास या जनुकातला हा बदल (म्यूटेशन) मामांना जन्मापासून नव्हता. आतड्यातल्या एका पेशीत तो पुढं कधीतरी झाला आणि त्या गाठीपुरताच राहिला. पोरांकडं तो जात नाही. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या साधारण ४० टक्के गाठींत तो सापडतो. तपासायचा तो औषधासाठी. सेटुक्सिमॅब, पॅनिटुमुमॅब ही इंजेक्शनं पेशीच्या पृष्ठभागावरचा ईजीएफआर हा, पेशीला वाढायला लावणारा स्टार्टर बंद करतात. के-रास बिघडलेला असेल तर आतली वायर थेट जोडल्यासारखी होते. स्टार्टर बंद केला तरी बोअरची मोटार चालूच. मग शेत गहाण टाकून ती इंजेक्शनं घेऊनही उपयोग होत नाही, म्हणून ही तपासणी आधी हवी.

घराण्यातून येणारा मुख्य बदल म्हणजे लिंच सिंड्रोम. डीएनएच्या चुका दुरुस्त करणाऱ्या एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६, पीएमएस२ यांपैकी एका जनुकात जन्मतःच दोष असतो, अंगातल्या प्रत्येक पेशीत. मुलगा असो की मुलगी, प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के. अशा घरातल्या बायकांना गर्भाशयाच्या कॅन्सरचाही धोका असतो, आणि तो वेगळाच आजार समजून कुणी दोन्हींचा मेळ घालत नाही. आतड्याच्या कॅन्सरच्या शंभर रुग्णांत लिंचचे तीनेकच.

खरा घोळ पुढं आहे. दुरुस्तीचा हाच बिघाड नुसत्या गाठीतही होतो. रिपोर्टात त्याला 'एमएसआय-हाय' किंवा 'एमएमआर डेफिशियंट' म्हणतात (गोवराच्या एमएमआर लशीशी याचा संबंध नाही). सुमारे १५ टक्के गाठी अशा असतात, पण त्यातल्या बहुतेक घराण्यातून आलेल्या नसतात. गाठीत एमएलएच१चं प्रथिन गायब आणि सोबत बी-राफ व्ही६००ई (बी-राफ या दुसऱ्या जनुकातला एक ठरावीक बदल) दिसला, तर लिंच बहुधा नाही. बी-राफचा हा बदल नसेल तर मात्र पुढची तपासणी करावी, आणि तिचा शेवट रुग्णाच्या रक्ताच्या तपासणीत होतो.

एमएसआय-हाय ऐकून लोक घाबरतात, पण दुसऱ्या टप्प्यात अशा रुग्णांचं पुढचं आयुष्य उलट बरं जातं. चौथ्या टप्प्यात पेम्ब्रोलिझुमॅबसारखी इम्युनोथेरपी (शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध) त्यांनाच चांगली लागू पडते. चौथ्या टप्प्यातला बी-राफ व्ही६००ई मात्र अवघड.

मामांच्या गाठीचा ब्लॉक आम्ही बेळगावच्या लॅबमधून आणून कुरियरनं बेंगळुरूला पाठवला होता. काडेपेटीहून लहान प्लास्टिकची चौकट, तिच्यात मेण, मेणात नखाएवढा तुकडा. त्याच रिपोर्टाच्या दुसऱ्या पानावर चारही दुरुस्ती-प्रथिनं (लिंचच्या त्या चार जनुकांची) शाबूत असल्याचं लिहिलं होतं, म्हणजे लिंच बहुधा नाही. ती ओळ मी मामेभावाला फोनवर दोनदा वाचून दाखवली. पोरांचं भय गेलं. तरी सख्ख्या बापाला झालाय, तेव्हा चाळिशीला तू स्वतः कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीनं तपासणी) करून घे, हेही सांगितलं. तो ३९ वर्षांचा आहे.