मीटरगेजची डिझेल इंजिनं स्टँडर्ड गेजवर का आली नाहीत?

नवी मुंबईत बेलापूर ते पेंधर मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झाली. ठाण्यात मेट्रो आणि बुलेट ट्रेन येऊ घातल्या आहेत. हे सगळे रूळ १,४३५ मिलिमीटरचे, म्हणजे स्टँडर्ड गेजचे. मग मीटरगेज, म्हणजे १,००० मिलिमीटरचे रूळ, बंद होताना रिकामी झालेली डिझेल इंजिनं यार्डात, कामाच्या गाड्यांना का जुंपली नाहीत? प्रश्न रास्त आहे, पण त्याचं मूळ बरंच जुनं आहे.

भारतातली पहिली रेल्वेही आधी इंग्लंडसारख्या चार फूट साडेआठ इंचांचीच व्हायची होती. सल्लागार अभियंता सिम्स यांनी साडेपाच फूट सुचवले, गव्हर्नर जनरल डलहौसींना सहा फूट हवे होते आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी साडेपाचावर शिक्कामोर्तब केलं. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आलेली गाडी त्याच, म्हणजे ब्रॉडगेजच्या, रुळांवरून धावली. पुढे १८७०च्या दशकात, व्हाइसरॉय मेयोंच्या धोरणानुसार, खर्च वाचवण्यासाठी मीटरगेज आलं. १९९२ साली सगळीकडे ब्रॉडगेज करायचं ठरलं आणि मीटरगेजचं इंजिन एकेका मार्गाबरोबर बेकार होत गेलं.

त्यातलं मुख्य इंजिन वायडीएम-४. आल्को या अमेरिकी कंपनीचा आराखडा, सहा सिलिंडरचं २५१ जातीचं इंजिन, वजन साधारण ७२ टन. याच २५१ची सोळा सिलिंडरची भावंडं कल्याणच्या डिझेल शेडमध्ये वर्षानुवर्षं सांभाळली गेली. त्यामुळे सुटे भाग आणि जाणकार फिटर यांची वानवा नव्हती. अडचण होती ती खाली, चाकांपाशी.

चाकं फिरवणारी विजेची मोटर, म्हणजे ट्रॅक्शन मोटर, दोन चाकांच्या मधल्या जागेत, आसाला टेकून बसते. त्यामुळे रुंद रुळांचं इंजिन अरुंद करणं फार कठीण, कारण मोटरला जागाच उरत नाही. उलट, अरुंदाचं रुंद करताना मोटर आहे तीच चालते, ४३५ मिलिमीटर जागा वाढते. तरी नवे आस, बोगीची (चाकं बसवलेल्या खालच्या भागाची) नवी चौकट, व्हॅक्यूमऐवजी एअर ब्रेक आणि डबे जोडणारं नव्या उंचीचं कपलिंग हे सगळं करावंच लागतं. शिवाय एका आसावर जेमतेम १२ टन भार. जड गाडी ओढायची तर चाकं घसरणार, म्हणून वर वजन लादावं लागतं. यार्डातल्या कामाला मात्र एवढा भार पुरे.

हे व्यवहारात उतरवलं ते दक्षिण ऑस्ट्रेलियाने. तिथली ८३० वर्गाची इंजिनं १९५९पासून बनली, तीही आल्कोच्याच आराखड्यावर आणि सहा सिलिंडरच्या २५१वर. वरचा सांगाडा एकच, बोगी बदलली की १,०६७, १,४३५ किंवा १,६०० मिलिमीटर, हव्या त्या रुळांवर. १९६९-७०च्या सुमारास पोर्ट पिरी ते ब्रोकन हिल मार्ग अरुंदचा स्टँडर्ड झाला, तेव्हा तिथल्या इंजिनांना रुंद बोग्या बसवून पुन्हा कामाला लावता आलं. आधीच ठरवून केलेली ही तयारी मला फार मोलाची वाटते. जोडीला ही इंजिनं वापरणारा स्टँडर्ड गेजचा मार्गही दारातच होता.

आपल्याकडे वायडीएम-४ रिकामी होऊ लागली तेव्हा भारतात स्टँडर्ड गेजची मेट्रोच नव्हती. त्यामुळे बरीच भंगारात गेली. मलेशिया, टांझानिया, म्यानमार या देशांत काही गेली, पण तिथे रूळ मीटरगेजचेच असल्याने चाकांना हात लावावा लागला नाही. ठाणे-नवी मुंबईत स्टँडर्ड गेज पोचलं तोवर चांगल्या अवस्थेतली इंजिनं हातची गेली होती.