गुडघ्याचा पट्टा घेण्यापूर्वी : दुखणाऱ्या गुडघ्यासह काम चालू ठेवणाऱ्यांसाठी

आमच्या दुकानात गुडघ्याचा पट्टा किंवा काठी घ्यायला येणारे अनेक ग्राहक वस्तू पाहण्याआधी कामाविषयी विचारतात. यंत्रमागावर पाळी करणाऱ्याला उभे राहणे चुकत नाही, विड्या वळणाऱ्या ताईंना मांडी घालून बसणे चुकत नाही, आणि दोघांनाही कोणीतरी ‘आता गुडघ्यांना आराम द्या’ असे सांगितलेले असते. डॉक्टरांनी ज्याला गुडघ्याची झीज, म्हणजेच ऑस्टिओआर्थ्रायटिस, असे निदान दिले आहे, त्या दुखण्यात दीर्घकाळ बसून राहिल्याने गुडघा सुधारत नाही, उलट अधिक आखडतो. कोणताही पट्टा विकण्याआधी ग्राहकाला हे कळावे, असे आम्हांला मनापासून वाटते.

हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण सांध्यातील द्रवातून मिळते, आणि गुडघ्यावर भार पडून सुटत राहिला की हा द्रव कूर्चेत आत-बाहेर होत राहतो. दुखते म्हणून माणूस हालचाल कमी करतो, त्यामुळे मांडीचा पुढचा स्नायू अशक्त होतो, त्याने पेलायचा भार सांध्यावर येतो आणि दुखणे वाढते. हे चक्र स्नायू बळकट करूनच मोडता येते. एक्स-रेमध्ये ‘गॅप कमी झाली’ असे ऐकून अनेक जण खचतात. परंतु एक्स-रेमधील झीज आणि प्रत्यक्ष वेदना यांचे प्रमाण नेहमी जुळत नाही. बरीच झीज असूनही व्यवस्थित चालणारी माणसे असतात.

व्यायामाला साहित्य लागत नाही. भक्कम खुर्चीवर बसून एक पाय समोर सरळ करावा, मांडी घट्ट आवळून 5 सेकंद धरावी आणि पाय सावकाश खाली आणावा. प्रत्येक पायाने असे 10 वेळा करावे. दुसरा व्यायाम म्हणजे त्याच खुर्चीवरून शक्यतो हातांचा आधार न घेता उठणे व सावकाश बसणे. सुरुवातीला खुर्ची उंच असावी किंवा तिच्यावर घडी घातलेली सोलापुरी चादर ठेवावी. व्यायाम करताना थोडे दुखले म्हणून थांबण्याचे कारण नाही. मात्र वाढलेले दुखणे दुसऱ्या दिवशीही उतरले नाही किंवा गुडघा सुजला, तर व्यायाम बंद न करता त्याचे प्रमाण कमी करावे. फरक जाणवायला साधारण 6 ते 12 आठवडे लागतात, आणि पंधरा दिवसांत काही झाले नाही म्हणून सोडून देणाऱ्यांची आम्हांला सर्वांत जास्त हळहळ वाटते. वजन जास्त असेल तर ते थोडे उतरवण्याचाही मोठा उपयोग होतो, कारण शरीराचे 1 किलो वजन कमी झाले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे 4 किलोंनी कमी होतो.

आता कामाविषयी. विडीकामात मजुरी हजारी विड्यांवर मिळते, त्यामुळे ‘मधे मधे उठा’ हा सल्ला ताईंना परवडत नाही, याची आम्हांला जाणीव आहे. म्हणून हात थांबवायला न लावता पायांची बैठक बदलावी. भिंतीला पाठ टेकून पाय समोर पसरावेत आणि सूप मांडीवर किंवा उशीवर घ्यावे. शक्य असल्यास खुर्चीवर बसून सूप समोरच्या स्टुलावर ठेवावे. मांडी घालूनच बसायचे असेल तर अर्ध्या तासाने दोन्ही पाय सरळ करून घोटे हलवावेत, तेवढ्यात विडी वळणे चालू राहू शकते. जमिनीवरून उठताना झटका न देता आधी एका बाजूला वळून हाताने पाट किंवा भिंत धरावी.

यंत्रमागावर शहाबादी फरशीवर अनवाणी किंवा झिजलेल्या चपलेने पाळीभर उभे राहणे गुडघ्यांना जड जाते. मऊ तळव्याची, मागून बंद असलेली पादत्राणे वापरावीत, आणि मालकांची हरकत नसेल तर नेहमी उभे राहण्याच्या जागी जाड रबरी चटई टाकावी. माग सुरळीत चालू असेल तेव्हा दोन मिनिटे टेकायला एक उंच स्टूल जवळ असावे.

घरात भाकरी ओट्यावर उभ्याने किंवा उंच स्टुलावर बसून थापावी. पूजेला, नमाजाला किंवा जेवायला खुर्चीवर बसण्यात संकोच मानू नये. उकिडवे बसण्याचा त्रास होत असेल तर भारतीय शौचकूपावर ठेवायची कमोडची खुर्ची घ्यावी. आमच्या मते या एका खुर्चीने अनेक घरांतील वृद्धांचा त्रास महागड्या पट्ट्यापेक्षा अधिक कमी होईल. जिना चढताना आधी बरा पाय वर टाकावा, उतरताना आधी दुखरा पाय खाली टाकावा.

चालणे सोडू नये. सोलापूरचा उन्हाळा लक्षात घेता एप्रिल-मे महिन्यांत ऊन चढण्याआधीच फेरी उरकावी आणि एकाच वेळी लांब चालण्याऐवजी दोन-तीन छोट्या फेऱ्या कराव्यात. कोजागरीला तुळजापूरला पायी जाण्याचा नेम असलेल्यांना आम्ही ‘जाऊ नका’ असे म्हणत नाही. परंतु हे अंतर 40 किलोमीटरहून अधिक आहे आणि एरवी न चालणाऱ्याने ते एका रात्रीत कापू नये. श्रावणापासून दर आठवड्याला थोडे थोडे अंतर वाढवत जावे, आणि वाटेत गुडघा सुजला तर उरलेला प्रवास एस.टी.ने करावा.

पट्टा काय करतो, हेही स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. साधा कापडी-लवचिक पट्टा ऊब देतो आणि चालताना गुडघा सावरल्याची जाणीव देतो. तो झीज भरून काढत नाही. काम करताना आणि चालताना तो वापरावा, झोपताना काढून ठेवावा. त्याचे माप अंदाजाने ठरवू नये, दुकानात पाय मोजून घ्यावा. पाऊल बधिर होत असेल किंवा पोटरी सुजत असेल तर पट्टा घट्ट आहे असे समजावे. घामाने पुरळ येऊ नये म्हणून तो रोज धुऊन सावलीत वाळवावा. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते, आणि नेहमीच्या चपला घालून सरळ उभे राहिल्यावर तिची मूठ मनगटाच्या घडीपाशी यायला हवी. ही उंची आम्ही दुकानातच जुळवून देतो.

औषधांविषयी थोडेच लिहितो, कारण तो डॉक्टरांचा अधिकार आहे. डायक्लोफेनॅकसारखे वेदनाशामक जेल गुडघ्यावर लावणे हे सहसा गोळ्यांपेक्षा कमी जोखमीचे असते. वेदनाशामक गोळ्या मनाने रोज घेतल्यास जठरात व्रण होऊ शकतो, मूत्रपिंडांना इजा होऊ शकते आणि रक्तदाब वाढू शकतो. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी विशेष जपावे. घटक न लिहिलेल्या पुड्या घेऊ नयेत, कारण अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार आढळलेले आहेत.

गुडघा लाल व गरम होऊन ताप आला, पडल्यानंतर पायावर भार देता येईना, गुडघा एकाच स्थितीत अडकला किंवा एका पायाची पोटरी अचानक सुजून दुखू लागली, तर आमच्याकडे न येता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. सकाळचा आखडलेपणा तासाभराहून अधिक टिकत असेल आणि हातांच्या बोटांचे सांधेही सुजत असतील, तर आजार वेगळा असू शकतो व त्याचे उपचारही वेगळे असतात.

घेतलेल्या पट्ट्याचा उपयोग होत नाही असे वाटल्यास तो घेऊन यावे. माप चुकले असेल तर आम्ही बदलून देऊ. माप बरोबर असूनही वेदना तशीच राहिली, तर आणखी कडक पट्टा मागू नये, अस्थिरोगतज्ज्ञांना किंवा फिजिओथेरपिस्टना गुडघा दाखवावा.