पॅनेल यायच्या आधी खालची जमीन बघा

एचटी-एलटी, म्हणजे उच्च आणि कमी दाबाच्या विजेच्या पॅनेलची ऑर्डर देताना ब्रेकर कुठला, बसबार (आतली वीज वाहणारी पट्टी) तांब्याचा की अ‍ॅल्युमिनियमचा, यावर तासभर बोलणं होतं. पॅनेल कशावर उभं राहणार, हे मात्र ट्रक दारात लागल्यावर आठवतं. म्हणून हा कागद. वाचून झाला की मिस्तरीच्या हातात द्या.

मागच्या उन्हाळ्यात जळगावजवळच्या एका डाळ मिलमध्ये ११ केव्हीचं पॅनेल बसवायला गेलो. पॅनेल ज्यावर बसतं ते जमिनीतले लोखंडी चॅनेल आमच्या ड्रॉइंगप्रमाणेच होते, पण नंतर मालकांनी हौसेनं फरशी घातली आणि ती चॅनेलच्या १८ मिमी वर आली. मिस्तरी म्हणाला, "काई नई व्हस, भाऊ." ब्रेकरची ट्रॉली फरशीवरून चाकांवर आत जाते. पॅनेल चॅनेलवर खाली, ट्रॉली फरशीवर १८ मिमी वर. कॉन्टॅक्ट जुळणार कसे? दोन दिवस फरशी फोडण्यात गेले. चॅनेलचा माथा आणि तयार फरशी एका पातळीत हवी. तयार म्हणजे फरशीसकट, नुसता कोबा नव्हे.

पातळीत मीटरला १ मिमीपेक्षा जास्त फरक नको. गवंड्याची फूटभर लेव्हल त्याला पुरत नाही. जमीन वाकडी असली की पॅनेलचा सांगाडा पिळतो, आणि ते आधी दार सांगतं: वरच्या कोपऱ्यात फट पडते, कडी लागत नाही. बोल्ट आवळून पॅनेल खाली ओढू नका. खाली पत्र्याचं पॅकिंग देऊन पातळी आणा, मगच आवळा. बसबार सगळ्यात शेवटी जोडायचे.

आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, चैत्र-वैशाखात भेगाळते. तिच्यावर थेट फाउंडेशन टाकू नका. माती काढा, मुरूम भरून दाबा, मग पीसीसी, म्हणजे साधं, सळईविना काँक्रीट. किती खोल, ते तुमच्या इंजिनीअरला विचारा.

"एवढं जड धूड हलणार कुठे, बोल्ट कशाला?" असं बरेच जण विचारतात. भूकंप म्हटलं की १९९३ चं किल्लारी आठवतं, पण त्याची वाट बघायची गरज नाही. ब्रेकर पडताना-लागताना स्प्रिंगचा दणका बसतो, ट्रॉली बाहेर ओढताना वजन पुढे येतं. हे नेहमीचंच आहे.

अँकर फास्टनर (भोकात आवळला की फुगून पकडणारा बोल्ट) काँक्रीटमध्येच हवा, कोब्यात किंवा फरशीत नको. भोक पाडलं की धूळ फुंका, ब्रशनं घासा, परत फुंका. धूळ राहिली तर फास्टनर आवळताना जागीच फिरतो आणि पकडत नाही. केबलच्या ट्रेंचच्या (चराच्या) काठाला खेटून भोक पाडलं तर काँक्रीटचा तुकडाच सुटतो. खड्डे ठेवून बोल्ट बसवणार असाल तर न आकसणारं ग्राउट (खड्डा भरायचं तयार मिश्रण) वापरा. साधं सिमेंट-वाळू सुकताना आकसतं.

जमिनीचे बोल्ट म्हणजे अर्थिंग नव्हे. अर्थिंगला दोन स्वतंत्र पट्ट्या लागतातच.

पॅनेलपुढे किमान १ मीटर मोकळं ठेवा. मागे एक तर २० सेंमीपेक्षा कमी, नाहीतर ७५ सेंमीपेक्षा जास्त. नियमच तसा आहे, आणि विचित्र वाटला तरी शहाणपणाचा: मधल्या जागेत माणूस कसाबसा शिरतो आणि अडकतो.

काँक्रीट ओतायच्या आदल्या दिवशी आम्हाला फोन करा. जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठेही आमचा माणूस लेव्हल घेऊन येतो. त्याचे पैसे लावत नाही.