‘विमान दिसतंय’ : पोटोमॅकवरच्या टकरीमागची पंचाहत्तर वर्षं

२९ जानेवारी २०२५. रात्रीचे पावणेनऊ. वॉशिंग्टनच्या रेगन नॅशनल विमानतळाच्या टॉवरमधून लष्कराच्या ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरला विचारणा झाली, उतरायला येणारं जेट दिसतंय का? उत्तर आलं, दिसतंय, अंतर आम्ही राखतो. दोन मिनिटांच्या आत हाच संवाद दोनदा झाला. दुसऱ्या उत्तरानंतर काही सेकंदांतच पोटोमॅक नदीवर, जेमतेम तीनशे फुटांच्या उंचीवर, दोघांची टक्कर झाली. विचिटाहून आलेल्या विमानातले ६४ आणि हेलिकॉप्टरमधले ३, असे ६७ जण गेले. वाचलं कोणीच नाही.

२००९ मध्ये बफेलोजवळ विमान कोसळलं, त्यानंतर अमेरिकेत प्रवासी विमानाचा एवढा मोठा अपघात झाला नव्हता. अशा बातम्या दुसऱ्या देशांतून येतात, अशीच तिथल्या लोकांची सवय होऊन गेली होती. विचिटात राष्ट्रीय फिगर स्केटिंग स्पर्धा नुकतीच संपली होती, त्यामुळे मृतांत या खेळातले २८ जण निघाले: शाळकरी मुलं, त्यांचे आईवडील, प्रशिक्षक. प्रशिक्षकांत १९९४ ची जगज्जेती जोडीही होती. जुन्या लोकांना लगेच १९६१ आठवलं. त्या वर्षी ब्रसेल्सजवळच्या अपघातात अमेरिकेचा अख्खा स्केटिंग संघ गेला होता.

शोकाला मिळाली जेमतेम एक रात्र. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी पत्रकार परिषदेत हवाई नियंत्रकांच्या भरतीतल्या विविधतेच्या, म्हणजे वेगवेगळ्या समाजगटांना सामावून घेण्याच्या, धोरणावर बोट ठेवलं. तपास तोवर धड सुरूही झाला नव्हता. समाजमाध्यमांवर भलत्याच एका ट्रान्सजेंडर वैमानिकाचं नाव हेलिकॉप्टरशी जोडलं गेलं, आणि ‘मी जिवंत आहे’ हे सांगण्यासाठी त्या व्यक्तीला व्हिडिओ टाकावा लागला. हेलिकॉप्टरमधल्या महिला अधिकाऱ्याचं नाव तर कुटुंबाच्या विनंतीवरून सुरुवातीला जाहीरच केलं नव्हतं. ‘कोण चुकलं?’ हा प्रश्न किती घाईत विचारला जातो, ते यावरून दिसतं. ही घाई मात्र आजची नाही.

१ नोव्हेंबर १९४९. हाच विमानतळ, हीच नदी. उतरायला आलेल्या ईस्टर्न एअर लाइन्सच्या डीसी-४ विमानावर पी-३८ जातीचं लढाऊ विमान आदळलं. बोलिव्हिया सरकारने विकत घेतलेलं हे विमान बोलिव्हियाचाच वैमानिक चालवत होता. प्रवासी विमानातले सगळे ५५ जण गेले, त्यांत काँग्रेसचे, म्हणजे अमेरिकी संसदेचे, सदस्य जॉर्ज बेट्स आणि नामवंत व्यंगचित्रकार हेलन होकिन्सन होत्या. पी-३८ चा वैमानिक वाचला. तोवर अमेरिकेत प्रवासी विमानाच्या अपघातात इतकी माणसं कधी गेली नव्हती. टॉवर काय म्हणाला आणि वैमानिकाने काय ऐकलं, यावर वाद रंगला. चौकशीत ठपका वैमानिकावर आला आणि लोकांच्या मनातून विषय मागे पडला.

तो खऱ्या अर्थाने वर आला १९५६ मध्ये. ३० जून रोजी ग्रँड कॅनियनवर टीडब्ल्यूए कंपनीचं सुपर कॉन्स्टेलेशन आणि युनायटेड कंपनीचं डीसी-७ ही प्रवासी विमानं एकमेकांवर आदळून १२८ जण गेले. हे काही गर्दीचं शहर नव्हे, उलट निर्मनुष्य दरी. पण त्या दिवसांत वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांना हादरवून गेली ती वेगळीच गोष्ट: देशाच्या बहुतेक आकाशावर कोणाची नजरच नव्हती. वैमानिकांनी खिडकीतून पाहावं आणि एकमेकांना चुकवावं, एवढाच नियम. प्रोपेलरच्या संथ विमानांच्या काळात तो खपून गेला होता. १९५८ च्या एप्रिल आणि मे महिन्यांत लष्करी जेट आणि प्रवासी विमानांच्या आणखी दोन टकरी झाल्या. लष्कराचं आकाश वेगळं आणि नागरी आकाश वेगळं, ही वाटणी आता चालण्यासारखी नव्हती. त्याच ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी सही केलेल्या कायद्यातून आजच्या एफएएचा, म्हणजे अमेरिकेच्या हवाई वाहतूक नियामक यंत्रणेचा, जन्म झाला.

शहराच्या डोक्यावर टक्कर म्हणजे काय, ते न्यूयॉर्कने १६ डिसेंबर १९६० ला पाहिलं. एक विमान स्टेटन आयलंडवर पडलं, तर दुसरं ब्रुकलिनच्या वस्तीत. १३४ मृतांपैकी ६ जण खाली जमिनीवर होते. विमानतळाजवळच्या वेगावर मर्यादा आली ती त्यानंतर.

आताच्या घटनेशी सगळ्यात जवळचं नातं आहे ते २५ सप्टेंबर १९७८ च्या सॅन डिएगोचं. पीएसए कंपनीचं बोइंग ७२७ उतरायला येत होतं, पुढे एक छोटं सेसना होतं. वैमानिकांनी कळवलं, ते दिसतंय. मग ते नजरेआड झालं, आणि ही गोष्ट टॉवरला स्पष्टपणे कळलीच नाही. नियंत्रण कक्षातल्या संगणकाने धोक्याची सूचना दिली होती, पण तशा सूचना रोजच वाजत असल्याने तिची कोणाला दखल घ्यावीशी वाटली नाही. १४४ मृत्यू, त्यांतले ७ घरांत-रस्त्यांत. पेटत्या पंखासह खाली येणाऱ्या विमानाचं छायाचित्र देशभर छापलं गेलं. माझ्या मते पोटोमॅकची कथा समजून घ्यायला एवढा एकच अपघात पुरेसा आहे.

३१ ऑगस्ट १९८६ ला लॉस एंजेलिसजवळच्या सेरिटोसमध्ये एरोमेक्सिकोच्या डीसी-९ ला एका खासगी पाइपर विमानाची धडक बसली. मृत ८२, त्यांत १५ जण जमिनीवरचे. या वेळी लोकांचा राग काँग्रेसपर्यंत पोचला आणि मोठ्या विमानांत टीकॅस बसवणं सक्तीचं झालं. टीकॅस म्हणजे समोरून येणारं विमान ओळखून ‘वर जा’, ‘खाली जा’ असं सांगणारी यंत्रणा. माणसाच्या डोळ्यावरची भिस्त पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने कमी झाली.

आपल्याकडे अशा वेळी आठवते ती हरियाणातली चरखी दादरी. १२ नोव्हेंबर १९९६ ला दिल्लीहून निघालेलं सौदी अरेबियाचं जंबो आणि दिल्लीला येणारं कझाकस्तानचं इल्युशिन यांची टक्कर होऊन ३४९ जण गेले. हवेतल्या टकरीत इतके बळी आजवर दुसरीकडे कुठे गेलेले नाहीत. दिल्लीभोवतालचं बरंचसं आकाश हवाई दलाकडे राखीव, म्हणून नागरी विमानं येणार आणि जाणार एकाच पट्ट्यातून. रडारवर उंची दिसत नव्हती. न्या. रमेशचंद्र लाहोटी यांच्या चौकशीत कझाक विमान ठरवून दिलेल्या उंचीखाली उतरल्याचं निष्पन्न झालं. इंग्रजी सूचना नीट न समजल्याचा मुद्दाही पुढे आला. वैमानिक चुकले, हे खरंच. तरीही नंतर बदलला तो रस्ता: येण्याजाण्याचे मार्ग वेगळे झाले आणि टीकॅस सक्तीचं झालं.

एकाच माणसावर सगळा राग काढल्यावर काय होऊ शकतं, त्याचं टोकाचं उदाहरण युरोपातलं आहे. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतल्या उबरलिंगनवर दोन विमानांची टक्कर होऊन ७१ जण गेले. त्या वेळी स्विस नियंत्रण केंद्रात एकच नियंत्रक दोन जागा सांभाळत होता. २००४ मध्ये बायको-मुलं गमावलेल्या एका बापाने या नियंत्रकाच्या घरी जाऊन त्याला भोसकून मारलं.

वॉशिंग्टनच्या टॉवरमध्येही त्या रात्री हेलिकॉप्टर आणि विमानं एकाच नियंत्रकाकडे होती. पण नंतर बाहेर आलेली माहिती त्याच्या कितीतरी मागे जाते. दीड कोटी प्रवाशांसाठी बांधलेल्या या विमानतळावरून वर्षाला अडीच कोटींहून अधिक लोक ये-जा करतात. संसदेपासून हाकेच्या अंतरावर असल्याने खासदारांना तो फार सोयीचा. व्हर्जिनिया आणि मेरिलंडच्या सिनेटरांचा विरोध असूनही २०२४ च्या कायद्याने तिथे रोज आणखी पाच जाणाऱ्या-येणाऱ्या फेऱ्या वाढवल्या. नदीकाठच्या हेलिकॉप्टर मार्गाला २०० फुटांची मर्यादा होती, आणि धावपट्टी ३३ वर उतरणारं विमान त्याच्या वरून अवघ्या ७५ फुटांवरून जाऊ शकत होतं. म्हणजे कोणीही न चुकतासुद्धा सात-आठ मजल्यांएवढंच अंतर. त्या रात्री हेलिकॉप्टर २७८ फुटांवर होतं. त्याच जातीच्या इतर हेलिकॉप्टरांची चाचणी घेतली तेव्हा त्यांचे उंचीमापक खऱ्या उंचीपेक्षा ८० ते १३० फूट कमी दाखवत असल्याचं आढळलं. आणि टीकॅस? जमिनीजवळ खोट्या सूचनांचा त्रास होऊ नये म्हणून सुमारे हजार फुटांखाली ‘वर जा, खाली जा’ हा आदेश ते देतच नाही. सेरिटोसनंतर मिळालेलं शस्त्र नेमकं इथे म्यान झालेलं होतं. उरला तो १९४९ चाच उपाय: डोळे. रात्रीची वेळ, समोर शहराचे दिवे, हेलिकॉप्टरमध्ये नाइट व्हिजन गॉगल.

मार्च २०२५ मध्ये एनटीएसबी या अपघातांचा तपास करणाऱ्या सरकारी संस्थेच्या अध्यक्ष जेनिफर होमेंडी यांनी आकडे मांडले तेव्हा लोकांच्या दुःखाचा संताप झाला. ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ या काळात याच विमानतळावर विमान आणि हेलिकॉप्टर धोकादायकरीत्या जवळ आल्याच्या १५,२१४ नोंदी होत्या. त्यांतल्या ८५ अगदी थोडक्यात टळलेल्या. हे सगळं सरकारच्याच नोंदींत पडून होतं. विविधतेच्या भरतीचा वाद एव्हाना बराच विरला होता. नातेवाईक आता सुनावण्यांना हजेरी लावू लागले. त्यांचा प्रश्न होता: हे कोणी वाचलं होतं का? एफएएने नदीवरचा तो मार्ग बहुतेक हेलिकॉप्टरांना बंद केला. डिसेंबर २०२५ मध्ये सरकारने न्यायालयात आपली जबाबदारी मान्य केली.

मधल्या काळात, १ मे २०२५ ला, पेंटागॉनकडे निघालेल्या एका ब्लॅक हॉकमुळे दोन प्रवासी विमानांना उतरणं सोडून पुन्हा वर जावं लागलं. त्यानंतरच्या सिनेट सुनावणीत कळलं, की पेंटागॉन आणि विमानतळाचा टॉवर यांना जोडणारी थेट हॉटलाइन मार्च २०२२ पासूनच बंद होती. एफएएच्या लक्षात ही गोष्ट आली तीही या घटनेनंतर.