‘विद्यार्थी उपग्रह’ नेमका कोणाचा?

२२ जून २०१६ रोजी इस्रोचं पीएसएलव्ही-सी३४ हे रॉकेट वीस उपग्रह घेऊन श्रीहरिकोट्याहून झेपावलं. त्यात पुण्याच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ होता: दहा सेंटिमीटरचा ठोकळा, वजन किलोच्या आत. २६ सप्टेंबरला पवईच्या आयआयटीतल्या विद्यार्थ्यांचा दहा किलोचा ‘प्रथम’ गेला. ‘स्वयम्’च्या दहा सेंटिमीटरच्या ठोकळ्याचं माप १९९९ मध्ये कॅलिफोर्नियात ठरलं.

देशातला पहिला विद्यार्थी उपग्रह कोणता, यावर मात्र अजून वाद होतो. चेन्नईचा चाळीस किलोचा ‘अनुसॅट’ २००९ चा, पण तो विद्यापीठाचा प्रकल्प. बंगळुरू-हैदराबादच्या सात महाविद्यालयांतल्या मुलांचा ‘स्टडसॅट’ २०१० चा. मालकी किंवा निधी कोणाचा, यावरून हे ठरवू नये. रचनेचे निर्णय कोणी घेतले, ते पाहावं.

‘स्वयम्’चाच एक निर्णय घ्या. उपग्रहाची दिशा स्थिर ठेवायला फिरती चाकं बसवली, तर वीज लागते. एवढ्याशा ठोकळ्यावरच्या सौरपट्ट्या जेमतेम दोन-तीन वॅट देतात. म्हणून मुलांनी वीज न खाणारा मार्ग घेतला. कायमचुंबक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला धरून राहतो आणि हिस्टेरेसिस सळ्या, म्हणजे चुंबकत्व उलटसुलट होताना तापणाऱ्या धातूच्या सळ्या, गरगरणं उष्णतेत जिरवतात. सळ्या चुंबकाला काटकोनातच हव्यात. तिरप्या बसल्या किंवा चुंबकाच्या फार जवळ आल्या, तर त्या संपृक्त होतात, म्हणजे त्यांचं चुंबकत्व आणखी बदलत नाही, आणि गरगरणं थांबतच नाही. जवळचा साधा पोलादी स्क्रूसुद्धा घात करू शकतो. या पद्धतीत कॅमेरा हव्या त्या जागी रोखता येत नाही, पण हॅम (हौशी) रेडिओवरून निरोप घेऊन पोचवणाऱ्या ‘स्वयम्’ला तेवढं पुरेसं होतं.

पदवी चार वर्षांची, ‘स्वयम्’ला लागली आठ. म्हणजे सुरुवात करणारी तुकडी उड्डाणाच्या कितीतरी आधी पास होऊन बाहेर पडलेली. अशा गटात सर्वांत मोलाची असते ती नोंदवही. कोणता भाग घेतला हे सगळेच लिहितात. कोणता का टाकला, हे लिहिलं नाही की दोन वर्षांनी नवी मुलं तीच चाचणी पहिल्यापासून करत बसतात.

२०१९ पासून पीएसएलव्हीचा चौथा टप्पा उड्डाणानंतर प्रयोगमंच म्हणूनही वापरला जाऊ लागला. वीज आणि स्थिर दिशा मंचच पुरवतो, गटाने फक्त उपकरण न्यायचं. काम एखाद्या वर्षात आटोपू शकतं, ही मोठीच सोय. पण चुंबक की चाकं, हा प्रश्न तिथे विद्यार्थ्यांपुढे येतच नाही.